चाचांनी न दिलेला शब्द

भोपळा असो, आमचे जेवणाचे टेबल असो, नाहीतर एखादा इंग्रजी शब्द असो, चाचा आधी मधले बोट वाकवून त्यावर टकटक करत. मग कान देऊन ऐकत आणि विचारत, "पक्का का कच्चा?"

चाचा मिरजेत तानपुरे बनवत. मी साताऱ्याची, इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली, लग्नानंतर सांगलीत विश्रामबागेत आलेली. तुमच्या आजोबांना गाण्याचा नाद, म्हणून आमचा तानपुरा दुरुस्तीला चाचांकडे जाई. सत्तरच्या दशकातल्या त्या वर्षांत परदेशातून मिरजेला तानपुऱ्यांची मागणी येऊ लागली आणि चाचांची पत्रे लिहायचे काम माझ्याकडे आले. बुधवारी दुपारी ते बसने येत, चपला दाराबाहेर सरळ जोडून ठेवत आणि चहा गार होईपर्यंत मला एकेका शब्दावरून छळत. मजकूर माझा, खाली सही त्यांची, उर्दूत.

मुलांनो, तुम्ही फोनवर दिवसातून दहादा 'प्रॉमिस' लिहिता, म्हणून ही हकिगत.

जर्मनीतली एक बाई मिरजेत राहून गाणे शिकून गेली होती. तिने तानपुरा मागवला. दिवाळीआधी तो मुंबईला पोचायला हवा होता, कारण तिच्या ओळखीचे एक गृहस्थ तिथून तो घेऊन जाणार होते. नक्की जमणार नसेल तर तसे कळवा, मी दुसरीकडे बघते, असेही तिने लिहिले होते.

चाचांनी विचारले, होईल असे सांगायला इंग्रजीत शब्द किती? मी ओळीने सांगितले. 'होप' म्हणजे नुसती आशा. 'इंटेंड' म्हणजे मनात आहे. 'ट्राय' म्हणजे प्रयत्न करीन. 'अशुअर' म्हणजे समोरच्याची काळजी मिटवणे. 'प्रॉमिस' म्हणजे शब्द देणे. प्रत्येक शब्दाला टेबलावर टकटक झाली. 'होप'ला ते हसले. म्हणाले, ही तर आमच्या गिऱ्हाइकांची भाषा. 'प्रॉमिस'पाशी मात्र बोट थांबले.

"हे लय पक्कं हाय, बाई. माझा भोपळा अजून कच्चा हाय. ट्राय लिवा."

पावसाळ्यात तानपुऱ्याचा भोपळा सुकायला किती दिवस घेईल, हे त्यांना तरी कुठे सांगता येणार होते? पण मला शाळेत शिकवले होते की 'ट्राय' ही कामचुकारांची भाषा. शिवाय एवढी मागणी हातची जाईल, ही भीती. मी 'प्रॉमिस' लिहिले आणि वाचून दाखवताना मराठीत 'प्रयत्न करीन' म्हटले. चाचांनी विश्वासाने सही केली.

महिन्याभराने उत्तर आले. मी ते आधी इंग्रजीतच मोठ्याने वाचत होते. तुम्ही प्रॉमिस केलेत म्हणून निर्धास्त आहे, माझा कार्यक्रमही ठरवला, असा मजकूर होता. चाचांना इंग्रजी येत नव्हते, पण तो एक शब्द त्यांनी टेबलावर वाजवून पाहिलेला होता.

"परत वाचा."

मी परत वाचले आणि मग सगळे कबूल केले. माझी चूक मीच तिला कळवते, आजच लिहिते, असेही म्हणाले. चाचांनी चहाची बशी बाजूला सारली.

"लिवलं तुमी, पर सही माझी हाय. तिकडं ती बाई निवांत झोपली असंल. आता तिला उठवायचं न्हाई."

पुढच्या आठवड्यात मी मिरजेला गेले. नवा भोपळा खिडकीत तसाच होता, कच्चा. चाचांच्या बैठकीच्या वर त्यांच्या वडिलांच्या हातचा तानपुरा टांगलेला असे. मोठमोठ्या गवयांनी मागूनही त्यांनी तो दिला नव्हता. आज तो त्यांच्या मांडीवर होता आणि ते त्याला नव्या तारा चढवत होते. मी नको म्हणाले. त्यांनी पुढची तार ताणली. दिवाळीच्या आठ दिवस आधी तो तानपुरा मुंबईला गेला.

मला वाटले, आता चाचा माझ्याकडे येणार नाहीत. बुधवारी दाराबाहेर चपला सरळ जोडलेल्या दिसल्या. फक्त एक बदल झाला. त्या दिवसापासून मी लिहिलेले पत्र इंग्रजीतच वाचायचे आणि चाचांनी डोळे मिटून ऐकायचे. "अर्थ तुमी बघा," ते म्हणत, "आवाज मी बघतो." पत्रात चुकून 'शुअर' आला, तरी डोळे उघडत.

खिडकीतला भोपळा यथावकाश पक्का झाला, त्याचा सुरेख तानपुरा झाला. तो त्यांनी शेजारच्या खुंटीवर टांगला. वडिलांची खुंटी रिकामीच ठेवली.

चाचा वारले तेव्हा मी त्यांच्या घरच्यांना भेटायला गेले. काही दिवसांनी त्यांचा थोरला मुलगा एक परदेशी पत्र घेऊन आला. म्हणाला, सहा महिन्यांत तानपुरा देतो, असं प्रॉमिस लिहा. मी त्याला विचारले, भोपळा कुठे आहे? तो दाखवायला त्याने बरोबर आणलाच होता, पिशवीतून काढून टेबलावर ठेवला. मी बोट वाकवून टकटक केले, कान दिला. पक्का का कच्चा, मला काही कळले नाही.

मी 'ट्राय' लिहिले आणि पत्र त्याला इंग्रजीत वाचून दाखवले.