ताट उचलण्याआधी

मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. हजर: इंग्लंडमधल्या वसतिगृहाच्या खोलीत मी; फोनच्या पडद्यावर, कर्वेनगरच्या घरातून हे; आणि त्यांच्या मागे चौरंगावर महालक्ष्मी. गैरहजर: समई. धुराची घंटा वाजते म्हणून माझ्या खोलीत ज्योत लावायला सक्त मनाई होती.

प्रौढांना इंग्रजी शिकवण्याचं प्रशिक्षण घ्यायला मी इतक्या लांब गेले होते. पुण्यात वर्षानुवर्षं शाळेतल्या मुलांना शिकवलं होतं; आता आसपासच्या बायकांसाठी वर्ग काढायचा होता. पण तिथल्या वर्गावर घेतलेला माझा आधीचा सरावपाठ नापास झाला होता. मी प्रश्न विचारायचे आणि कोणी तोंड उघडायच्या आत उत्तरही मीच देऊन टाकायचे. "थांबायला शिका," मार्गदर्शिका म्हणाल्या होत्या. आणखी एक पाठ फसला तर प्रमाणपत्र मिळणार नव्हतं, आणि तो पाठ त्याच दुपारी होता. कधी न चुकवलेली पूजा सोडून आपण इथे कशाला आलो, असं वाटत होतं. घरच्या उदबत्तीचा वास आठवून पाहिला. तो आठवेना, तेव्हा डोळे भरून आले.

पूजेची यादी मी फ्रिजवर चिकटवून आले होते. ह्यांनी ती तंतोतंत पाळली. खिरीचा नैवेद्य दाखवला, ताटाभोवती पाणी फिरवलं आणि लगेच ताट उचललं.

"अहो! देवीला जेवू तर द्या!" मी ओरडलेच. "ताट ठेवलं की डोळे मिटून गप्प बसायचं असतं."

"यादीत नव्हतं," हे म्हणाले. "आणि गप्प बसायला तू शिकवणार?"

पण त्यांनी ताट परत ठेवलं. दोघांनीही डोळे मिटले. माझ्या सासूबाई म्हणायच्या, "आपण वाढावं. कधी घ्यायचं, ते तिचं ती बघेल." ते आठवत मी वर्गावर गेले.

माझ्या वर्गात जॉर्जिया देशातून आलेल्या नीनो नावाच्या बाई होत्या. साधारण माझ्याच वयाच्या, लेकीकडे राहणाऱ्या. तोवर त्या एक शब्दही बोलल्या नव्हत्या. मी त्यांना विचारलं, "संध्याकाळी घरी काय करता?" नेहमीसारखं उत्तर माझ्या ओठांवर आलं होतं. मी मनातल्या मनात ताट ठेवलं, पाणी फिरवलं आणि नाम घेत राहिले. वर्ग चुळबुळला. मागे बसलेल्या मार्गदर्शिकेचं पेन थांबलं. मला वाटलं, संपलं आता. तरीही मी ताट उचललं नाही.

"दिवा," नीनो इंग्रजीत म्हणाल्या. मग बऱ्याच वेळाने, "मी दिवा लावते. आईसाठी. आई लांब."

त्यापुढचं मी काय शिकवलं, ते मला नीट आठवत नाही.

वर्ग सुटल्यावर त्यांनीच मला गाठलं. "तुम्ही? दिवा?" मी नकारार्थी मान हलवली. त्यांनी सरळ माझा हात धरला. "या."

दुपार सरायच्या आतच बाहेर अंधारलं होतं. दोन गल्ल्या सोडून त्यांचं स्वयंपाकघर, आणि तिथे मेरीमातेच्या तसबिरीपुढे तेलाचा छोटा दिवा. त्यांनी काडेपेटी माझ्या हातात दिली. ज्योत लावून मी पर्समधली खडीसाखर पुढे ठेवली आणि आम्ही दोघी गप्प बसलो. माझ्या गुरुवाराबद्दल मी त्यांना कधीच काही सांगितलं नव्हतं. कोणी याला योगायोग म्हणावं. माझा वाद नाही. मला तिथे माझी देवी भेटली. पाठ पास झाल्याचं दुसऱ्या दिवशी कळलं, तेव्हा मात्र मी त्याच ज्योतीला मनोमन नमस्कार केला.

आता घरची समई रोज समोर असते, तरी त्या परक्या स्वयंपाकघराची ओढ काही जात नाही. कर्वेनगरात माझा वर्ग भरतो. विश्रांतवाडीहून दोन बस बदलून येणाऱ्या एक ताई अजून बोललेल्या नाहीत. माझ्या कामांच्या यादीत त्यांचं नाव रोज पुढच्या दिवसावर जातं. आज प्रश्न विचारून थांबले, तेव्हा त्यांचे ओठ जरासे हलले. तेवढ्यात वेळ संपली.

ते काम बाकी आहे. ताट मांडून ठेवलंय.