वानरिणीच्या गळ्यातलं घुंगरू

१९८६ साल. मी तवा बेचाळीस वर्षांचा होतो. शाळा तिसरीपर्यंत, पण घनसावंगीच्या बाजारात मला कोणी फसवलं न्हाई, ह्याचा लई ताठा होता.

त्या वर्षी वानरांच्या टोळीनं माझी मोसंबी नासवली. मंग मी आमच्याकडचा जुना इलाज केला. शेतातल्या आखाड्यावर, जिथं बैलं बांधतो, तिथल्या खोलीत शेंगा पसरल्या. एक वानरीण आत शिरली, तसं दार ओढलं. घोंगडीखाली दाबून तिच्या गळ्यात बैलाचं घुंगरू चामड्याच्या वादीनं बांधलं आन् सोडून दिली. वाजणाऱ्या वानराला टोळी भिते. ती जवळ जाती, टोळी पुढं पळती. दाबताना तिच्या थानाला दूध दिसलं होतं. ते मी कोणाला सांगितलं न्हाई.

बायको म्हणली, "अवं, तिला तिच्या माणसांत जाऊ द्या."

"माणसं कुठली? वानरं हायती."

"तुमच्यापेक्षा बरी."

टोळी ओढ्यापल्याड पळाली. चुलतभाऊ म्हणला, "दादा, बिलकुल कलेक्टरचं डोकं तुझं! मी बी बांधतो." मी मिशीला पीळ दिला.

ती मात्र बांधावरच्या कडूलिंबावर बसून हूप करायची. पल्याडून जबाब यायचा. ती निघायची, घुंगरू वाजायचं, पल्याड सगळं गप. चौथ्या दिवशी पाह्यलं तर ती घुंगरू मुठीत धरून तीन पायांवर चालली होती. टोळीच्या झाडापाशी पोचली बी. पण चढायला दोन्ही हात लागतात. मूठ सुटली. टोळी पांगली.

मी तसाच आखाड्यावर गेलो आन् पुन्हा शेंगा टाकून दारामागं बसलो. दुसऱ्या दिवशी दुपारी भुकेनं ती आली. वादी कापताना तिनं माझा अंगठा फाडला. बराबर केलं.

लिंबावर चढून तिनं हूप केलं. जबाब आला. ती आवाज न करता गेली आन् ह्या वेळी कोणी पळालं न्हाई. मी ओढ्यापर्यंत मागं गेलो. पल्याडच्या झाडावर तीन वानरिणी होत्या; दोघींच्या पोटाशी पिलं होती, एक रिकामी बसली होती. त्यातली ती कोणती, ते घुंगराबिगर मला वळखू येईना. अजून आठवलं की तिघींची तोंडं डोळ्यांपुढं आणून पाहतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी चुलतभावाच्या आखाड्यावर गेलो. त्यानं खोलीत शेंगा पसरल्या होत्या.

"बरं झालं आलास, दादा. वादी कशी बांधायची?"

"बांधू नको. माझं चुकलं," म्हणलं, आन् त्याच्या देखत खाली बसून सगळ्या शेंगा वेचून टोपल्यात भरल्या.