नरसाळ्यावरचा दगड

वरवे गावातल्या शेडमध्ये आम्ही फायबरची कमरेएवढी नरसाळी बनवतो. साच्यातून काढलेलं नरसाळं सावलीत ठेवा, हे आमच्याकडे कामाला असलेल्या काकांना सांगून माझं तोंड दुखलं. ते "व्हय" म्हणतात, उन्हातच पालथं घालतात आणि कुरडयांच्या साडीवर ठेवावा तसा वर दगड ठेवतात. "वारं लई हाय हितं." तापून मऊ पडलेलं नरसाळं त्या भाराने सुरकुततं, आत बसतं. माल परत येतो, बोलणी मी खातो.

काल वैतागून मी सगळे दगड ओढ्यात फेकले. जेवून आलो, तर काका भर उन्हात नरसाळ्यावर दोन्ही हात रोवून उभे. हातांखाली त्याचं पोट खचत चाललेलं.

"दगड कुनीतरी नेलं बगा," ते म्हणाले. "तुमी बसा सावलीला. म्या धरलंय."