कोठीच्या दाराआड

ख्रिस्ती मंडळीतले सगळे तिला मावशी म्हणत, तिच्याहून वयाने मोठेसुद्धा. नवरा गेल्यावर तिने प्रार्थनामंदिराची देखभाल अंगावर घेतली आणि मग एकेक काम आपसूक तिच्याकडे येत गेलं. बाकं पुसायची, आजाऱ्यांना भेटायचं, महिला मंडळाची सभा चालवायची, गाणं उचलायचं, प्रार्थना करायची, शेवटी चहाही तिनेच टाकायचा. प्रभूने शिष्यांचे पाय धुतले, मग आपल्याला कसला कमीपणा, असं ती म्हणे. कुणी झाडू हातात घेतला की हसत हसत काढून घेई. एकदा मंडळीतल्या एका नव्या सुनेने चहा केला. मावशीने तोंडभर कौतुक केलं आणि मागाहून पातेलं पुन्हा घासून ठेवलं. सुनेने ते पाहिलं. त्यानंतर ती ओट्याकडे फिरकली नाही.

मावशी आता थकली होती. गुडघे कुरकुरत होते. एखाद्या दिवशी घरीच पडून राहावं असं फार वाटे, पण आपण नाही गेलो तर दार कोण उघडणार? किल्ल्या एकट्या तिच्याच कमरेला. एक जुडगं दुसऱ्या कुणाला देऊन ठेव, असं लेक सांगून सांगून कंटाळली. मावशी म्हणे, देऊ गं, पण सांभाळणारं माणूस तर मिळू दे.

त्या दुपारी सभेआधी ती सतरंज्या काढायला मागच्या कोठीत गेली. कोठीला खिडकी नाही. वाऱ्याने दार धाडकन लागलं, आणि उघडायला गेली तर आतली मूठ निखळून हातात आली. बाहेरून उघडायची किल्ली कमरेला होती आणि मावशी आत. तिने दार ठोठावलं, हाका मारल्या, पण सभागृहात अजून कुणी नव्हतं. अंधारात घुसमटत, घसा बसेपर्यंत ओरडून ती सतरंज्यांच्या ढिगावर बसली.

बऱ्याच वेळाने बायकांची कुजबुज ऐकू आली. जीव भांड्यात पडला. हाक मारायला ती दाराशी गेली, तेवढ्यात एक रडवेला आवाज आला. सासूचं आज ऑपरेशन आहे, दवाखान्यात जाण्याआधी सगळ्यांनी मिळून प्रार्थना कराल का, असं एकजण विचारत होती.

"मावशी येऊ देत," कुणीतरी म्हणालं. "त्या नीट करतात."

"पण मला निघायला हवं."

खुर्ची सरकली. ती बाई निघाली होती.

मावशी दाराला टेकून उभी राहिली. इतकी वर्षं ती ह्या बायकांसाठी राबली होती, आणि आज एकीच्या डोक्यावर हात ठेवायलाही कुणी पुढे होत नव्हतं. त्यांचं तोंड आपणच बंद करून ठेवलंय, हे तिला त्या काळोखात लख्ख कळलं. तिने दोन्ही मुठींनी दार बडवलं.

धावत आली ती चहावाली सून. "अगंबाई, मावशी! आत कशा अडकलात? किल्ली कुठेय?"

"किल्ली राहू दे. आधी तिला थांबवा आणि तिच्यासाठी प्रार्थना करा."

"कोण करणार?"

"तू."

"मला नाही हो जमत."

बरं, मी आतूनच करते, हे शब्द मावशीच्या अगदी ओठांवर आले होते. ते तिने गिळले. "जमेल तशी कर. मी आहे इथे."

कुणीतरी धावत जाऊन त्या बाईला परत आणलं आणि सुनेने सुरुवात केली. दोन वाक्यांनंतर अडखळली आणि गप्प झाली. ती शांतता मावशीला सोसेना. पुढचा शब्द तिला ठाऊक होता, तिने तोंडावर हात दाबून धरला. मग दुसऱ्या कुणाचा तरी आवाज लागला, मग तिसरा. जिची सासू आजारी होती ती मोकळेपणाने रडली. सगळ्यांचं "आमेन" झाल्यावरच मावशीने दाराखालच्या फटीतून किल्ल्यांचं जुडगं सरकवलं.

ते जुडगं तिने परत घेतलं नाही, सुनेकडेच ठेवलं. पण त्याने तिची सुटका झाली असं नाही. सून गाणं खालच्या पट्टीत धरी, सतरंज्या वाकड्या घाली, आणि मावशी बाकावर बसून हात मांडीखाली दाबून ठेवी. विचारलं तरच सांगे. कधी न विचारताही सांगून बसे आणि मग दिवसभर स्वतःवर चिडे.

काही महिन्यांनी बायकांनी ऑपरेशन झालेल्या त्या सासूच्या घरी सभा ठेवली, ती आता हिंडूफिरू लागली होती. मावशीला कळवायचं राहून गेलं. शेजारणीकडून समजलं तेव्हा तिला चांगलंच लागलं. जाऊच नये असं वाटलं, तरी चपला घातल्या.

पोचली तेव्हा प्रार्थना चालली होती आणि करत होती ती सासूच. मावशी दाराशीच बसली. जुडगं सांभाळणाऱ्या सुनेने चहाचा कप तिच्या हातात दिला. "मावशी, तुम्हाला सांगायचं विसरलेच हो," ती ओशाळून म्हणाली.

"असू दे," मावशी म्हणाली. आतून अजून दुखत होतं. चहात साखर जास्त होती. ती काही न बोलता प्यायली.