मोठेबाबांच्या हनुवटीची सिद्धी

आमच्या मोठेबाबांना, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाला, साठीच्या आसपास सिद्धी प्राप्त झाली. निदान आमच्या पवनार गावच्या पारावर ते तसंच सांगत. बाभळीचा लांब काटा घ्यायचा, हनुवटीच्या डाव्या बाजूला टोचायचा आणि तो तसाच लोंबत ठेवून समोरच्याला पीकपाणी विचारायचं. चेहऱ्यावर आठी नाही. वर्ध्याच्या बसमध्ये त्यांनी हा प्रयोग केला तेव्हा कंडक्टर तिकीट फाडायचं विसरला. एक म्हातारी त्यांच्या पाया पडली. मोठेबाबांनी तिला संकोच न करता आशीर्वाद दिला.

मी तेव्हा वर्ध्याजवळच्या मेडिकल कॉलेजात पॅथॉलॉजी शिकत होते. आणीबाणी उठून वर्षभर झालं असेल. पोळ्याला घरी गेले तर अंगणात प्रयोग रंगात आलेला. सगळ्यांबरोबर मीही हसले. मग चहा आला. मोठेबाबांच्या ओठाच्या डाव्या कोपऱ्यातून चहा सदऱ्यावर ओघळत होता आणि त्यांना त्याचा पत्ताच नव्हता. मोठ्या आईनं, म्हणजे त्यांच्या बायकोनं, खूण केल्यावर त्यांनी तोंड पुसलं, तेही चुकून उजवीकडे.

"हे कधीपासून आहे?" मी विचारलं.

"होळीपासून. दाढी करताना वस्तरा लागला, रगत आलं, अन् मले समजलंच नाई. तवाच म्हटलं, आपल्याले काईतरी गावलं."

मी त्यांचा खालचा ओठ उलटवून पाहिला. आत हरभऱ्याएवढी गाठ होती, कडक. दाबली तरी दुखत नव्हती. दवाखान्यात चला म्हटलं तर म्हणाले, "सिद्धीवर औषध असते काय, पोरी?"

सरळ सांगून ऐकणारा हा माणूस नव्हे. म्हणून मी थाप मारली. आमच्या सर्जरीच्या सरांना सिद्धी पाहायची आहे, वर्गभर मुलं वाट बघून आहेत. पुढच्याच आठवड्यात मोठेबाबा धुवट धोतर नेसून हजर झाले. खिशात कागदात गुंडाळलेले चार निवडक काटे होते.

सरांना मी सगळं आधीच सांगितलं होतं. त्यांनी प्रयोग शांतपणे पूर्ण होऊ दिला. पुढच्या रांगेतला एक उंचपुरा विद्यार्थी मटकन खाली बसला, तेव्हा मोठेबाबांनी माझ्याकडे विजयी नजरेनं पाहिलं. मग सर म्हणाले, "काका, आता डोळे मिटा." कापसाच्या बोळ्यानं हळूहळू स्पर्श करत, जिथं जाणीव संपते तिथं त्यांनी पेनानं रेघ ओढली. नंतर तोंडात बोट घालून गाठ चाचपली आणि तिचा तुकडा काढायचं ठरवलं.

बाहेर आल्यावर मोठेबाबा म्हणाले, "तू माह्याशी खोटं बोलली."

"तुमच्याकडूनच शिकले."

"मंग ठीक हाय."

त्या तुकड्याची स्लाइड मीच तयार केली. सूक्ष्मदर्शकाखाली एक मज्जातंतू आडवा कापला गेलेला दिसला, फिकट गुलाबी, गोल. त्याच्याभोवती कर्करोगाच्या निळ्या पेशींनी वेढा घातला होता. गाठीच्या कडेबाहेर होता तो तंतू, तरीही. सर येऊन बघून गेले. म्हणाले, "ही जात रक्तातून पळण्याआधी तंतू धरून चालते. तंतूच्या आवरणाखाली तिला आयती वाट मिळते. म्हणून हनुवटी बधिर. गाठ सगळी काढली असं आपल्याला वाटतं, आणि ती हाडातल्या छिद्रातून केव्हाच वर गेलेली असते. तंतूभोवती पेशी सापडल्या की समजायचं, ही परत येणार. फक्त केव्हा ते सांगता येत नाही."

हे घरी कुणी सांगायचं? मीच सांगितलं, स्वयंपाकघराच्या ओट्यावर बसून. मोठी आई पोळ्या लाटायची थांबली. मोठेबाबांनी बराच वेळ हनुवटी चोळली.

"म्हणजे रानडुकरावाणी," ते म्हणाले. "पिकातून नाई, धुऱ्याधुऱ्यानं जाऊन राह्यला तो."

"हो. शेताच्या बांधानंच."

"मंग धुराच खणून काढा म्हणाव तुह्या सरले."

सरांनी जवळजवळ तेच केलं. ओठाच्या आतला भाग, जबड्याचा तुकडा आणि त्यातून जाणारा तंतू जितका वर सापडला तितका कापला. त्याचं शेवटचं टोक मी स्लाइडवर तीनदा तपासलं. स्वच्छ होतं. तरी सरांनी पेढे वाटू दिले नाहीत. मधला भाग सोडून या पेशी पुढं उगवतात, म्हणाले. नागपूरला दीड महिना किरणांचा शेक झाला. डाव्या गालाची दाढी गळाली ती परत आलीच नाही. गावच्या न्हाव्याला ते म्हणायचे, "अर्धीच करजो, पण गप्पा पुऱ्या मारजो."

सात वर्षं मोठेबाबा मजेत राहिले. मग एका पावसाळ्यात कानापुढं मुंग्या आल्या. शेक पुन्हा देता येण्यासारखा नव्हता, आणि कापायला तिथं जागा नव्हती. मी तोवर हिंगणघाटला नोकरीला लागले होते. त्यांनी मला पोस्टकार्डं धाडायला सुरुवात केली. प्रत्येकावर निळ्या शाईनं स्वतःचा चेहरा काढलेला, मिशी मुद्दाम मोठी, आणि बधिर भागावर आडव्या रेघा. आधी कानापुढं. मग गालावर. मग डोळ्याखाली. एकावर लिहिलं होतं, 'गाल गेला. तुही मोठी आई आता कोणत्या गालात चापट मारते ते वयखू येत नाई.' मी ती सरांना दाखवायला नेली, तर त्यांनी वर्गात फिरवली. पुस्तकात तंतूचा जो मार्ग छापलेला असतो, तोच मोठेबाबांनी आरशात बघून काढला होता.

मी रविवारी जायची तेव्हा ते दुखण्याबद्दल बोलत नसत. एकदाच बोलले. शेतावरून परत येताना थांबले आणि म्हणाले, "भेव वाटते, पोरी. पण दोन्ही बाजूनं नाई वाटत." आणि हसले, अर्ध्या तोंडानं. मी त्यांचा हात धरला. घरापर्यंत तसाच धरून ठेवला.

थंडीत ते गेले, घरी, जेवणानंतर आडवे झाले असताना. नंतर सरांनी पोस्टकार्डं कॉलेजात ठेवायला मागितली. मी दिली, एक सोडून. त्याच्यावर चेहरा नाही. नुसतं लिहिलं आहे: 'तुरीच्या शेंगा भरल्या. सोल्याची भाजी खाले येजो. बाकी तुले मालूमच हाय.'