एका गोळीची रायफल

सुभेदारांना त्यांच्या सख्ख्या पुतण्याने फसवलं. डिंगोऱ्यात हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण कुणी बोलत नाही. म्हणून मी लिहितोय.

सुभेदार पलटणीतले नेमबाज. निवृत्त होऊन आले ते एक जुनी रायफल घेऊन. स्पर्धेतली, अक्रोडी दस्त्याची, एका वेळी एकच गोळी घेणारी. पहाटे ते बांधावर गोणपाट टाकून पालथे पडत आणि ती रिकामीच गालाला लावत. समोर उसावर धुकं तरंगत असायचं. टिटव्या त्यांच्या पायांजवळून चालत जायच्या. गोळी न घालता यात काय मिळतं, असं मी एकदा विचारलं.

"अर्धा श्वास सोडायचा, अर्धा ठिवायचा," ते म्हणाले. "मग आपण नसतोच तिथं, शेठ. नुसतं समोरचं असतं."

मी कांद्याच्या बाजारात पोती वाहून वर आलो. भाव करण्यात मला कुणी हरवलेलं नाही; सुभेदारांनी हरवलं. रायफल विकत मागायला मी वर्षानुवर्षं गेलो, चिडलो, उठून गेलो, परत आलो. ते शांतपणे नळी पुसत म्हणायचे, "रागात नेम उजवीकडं जातो. च्या घ्या." आजही सौद्यात डोकं तापलं की मी अर्धा श्वास धरतो.

एकदा उसात बिबट्या शिरला. गाव त्यांच्या दारात. सुभेदार म्हणाले, "ही कागदावर मारायची हाय. बिबट्यानं कागद पांघरला तर बगू."

निवडणूक लागली की परवान्याची हत्यारं चौकीत जमा करावी लागतात. निकालानंतर परत मिळतात. सुभेदार दर वेळी स्वतः जात. शेवटी गुडघे थकले, तेव्हा पुतण्याने दाखवलं तिथे सह्या करून रायफल त्याच्याकडे दिली. निकाल लागला. गावातल्या बाकीच्या बंदुका आल्या, ही आली नाही. पुतण्या सांगायचा, अजून झेडपीची व्हायचीय. मग सोसायटीची. सुभेदार तेलाचं फडकं घडी करून ठेवायचे.

मी चौकीत जाऊन विचारलं. रायफल तिथे पोचलीच नव्हती. त्याच सह्यांवर ती परस्पर विकली गेली होती. पुतण्याला धरलं तर म्हणतो, "तुमाला गावली न्हाई म्हणून पोटात दुखतंय व्हय, शेठ?"

दुखतंय. पण सुभेदारांना खरं सांगायला पहाटे बांधावर गेलो, तर ते पालथे पडलेले. हात रिकामे, गाल हवेला टेकलेला, बोट वाकवलेलं. धुक्यात ते असून नसल्यासारखे. मी तसाच माघारी फिरलो. त्याच थंडीत ते गेले.

पुतण्याने आता भैरवनाथाच्या पारावर उभं राहून उत्तर द्यावं. रायफल कुणाला दिलीस? आणि शेवटच्या दिवशी चुलत्याने विचारलं, तेव्हा कुठली निवडणूक बाकी आहे म्हणून सांगितलंस?