मेंबरसाहेबांची एक सही

आमचे हे मेंबर झाले ते माझ्या पदरामुळं. आजवर मी हे कुणाला बोलले नाही. बोलले असते तर लोकांनी कौतुक केलं असतं, अन् मला त्याचं कौतुक नको होतं.

माझं माहेर साखऱ्याकडचं, सगळी कोरडवाहू जमीन. सासर हट्ट्याच्या बाजूला, मोठं घर, नावावर जमिनीचा मोठा पट्टा. राज्य निजामाचं. मी लग्न होऊन आले तेव्हा ह्यांना मिसरूड फुटलेलं होतं अन् एकच वेड होतं, अंमलदारासारखं दिसायचं. गावात एक मुसलमान पट्टेदार होते, आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणायचो. त्यांच्या ओसरीवर बसून हे उर्दू शिकले. मग शेरवानी शिवली. तालुक्याचा साहेब दौऱ्यावर आला की आमच्याच घरी उतरायला लागला. कोंबडी चाचांच्या घरी शिजायची, पुरणाच्या पोळ्या मी लाटायची, अन् ताट पुढं करून 'हुजूर, हुजूर' करायला हे. असं करत करत ह्यांना तालुक्याच्या बोर्डावर घेतलं. निवडून नव्हे, नेमून. पहिल्या बैठकीहून आले तर पाटावर बसायला जड जाऊ लागलं. सासूबाई म्हणाल्या, "आता जेवायलाबी खुर्चीच आणा ह्याला."

मीही हसले होते तेव्हा. मला नवऱ्याचा अभिमानच होता, खोटं कशाला बोलू.

माझा भाऊ माझ्याहून सहा वर्षांनी लहान. बाप लवकर गेला, माय शेतात, म्हणून तो माझ्या कडेवर वाढला. मला अक्का म्हणायचा. मोठा झाला, हिंगोलीला शाळेत गेला, अन् तिथून चळवळीत. गावच्या चावडीवर तिरंगा लावला म्हणून पकडला. खटला नाही, काही नाही, नुसता आत टाकला अन् लांबच्या तुरुंगात नेला. माय वेड्यासारखी झाली. माझ्याकडं आली अन् ओसरीवर बसून म्हणाली, "तुझा मालक साहेबलोकात बसतो. माझं लेकरू तेवढं सोडवून आण, दुसरं काही मागत न्हाई."

हिंदी फौज यायच्या दोनेक वर्षं आधीची ही गोष्ट. त्याच वेळी हैदराबादच्या कायदेमंडळाची निवडणूक निघाली अन् पट्टेदारांच्या जागेवर हे उभे राहिले. मी ह्यांना भावाचं बोलले. हे म्हणाले, "मेंबर झालो की पहिलं काम ते. अगं, मेंबराच्या सहीला मोठमोठे अंमलदार उठून उभे राहतात. एक अर्ज, त्याच्यावर माझी एक सही, बस. पोरगं आठ दिवसांत घरी."

मला तेवढंच हवं होतं.

त्या निवडणुकीत मत सगळ्यांना नव्हतं. ह्यांच्या जागेला तर फक्त मोठ्या पट्ट्यांचे धनी, गावागणिक दोन-चार घरं. अन् चळवळवाल्यांनी सांगून ठेवलेलं की ही निवडणूकच खोटी आहे, कुणी मत टाकायचं नाही. त्यामुळं मत असलेले धनी दारं लावून बसले. हे दारात गेले की चहा द्यायचे, सुपारी द्यायचे, अन् शब्द काही द्यायचे नाहीत. हे हात हलवीत परत यायचे. समोर उभा होता तो दुसऱ्या तालुक्यातला जहागीरदार, त्याच्याकडं तर आधीच चार गावं बांधलेली.

तेव्हा मी म्हणलं, बाईमाणसाचं काम बाईमाणसाला करू द्या.

मी हळदी-कुंकवाचं निमित्त काढलं. बैलगाडीत बसून गावोगाव गेले. पुढच्या ओसरीवर जायचंच नाही, सरळ मागच्या दारानं स्वयंपाकघरात. तिथं घरधनीण भाकरी थापत असायची. मी पदर पसरायची. म्हणायची, "बाई, माझा भाऊ जेलात हाय. आमचे मालक मेंबर झाले तर तो सुटतो. मत मालकासाठी न्हाई मागत, भावासाठी मागून राहिले." भाऊ कुणाला नसतो? डोळ्याला पदर लावायच्या बाया. मग आतून निरोप जायचा, धनी घरात यायचे, अन् मी देव्हाऱ्यापुढं डबी उघडायची. बेलाचं पान अन् खंडोबाचा भंडारा. ते हातात घेऊन दिलेला शब्द आमच्याकडं कुणी मोडत नाही, मोडला तर घरावर संकट येतं. आढेवेढे घ्यायचे, "चळवळीच्या पोरांनी मना केलंय, वहिनी," म्हणायचे, पण बायको समोर डोळे पुसत उभी. शेवटी उचलायचे.

ज्या माणसांपायी माझा भाऊ आत गेला ती माणसं म्हणत होती मत देऊ नका, अन् त्याचीच बहीण त्याचंच नाव पुढं करून मत गोळा करत होती. त्याला कळलं असतं तर तो माझ्याशी बोलला नसता. मला ते तेव्हाही कळत होतं. पण आधी तो बाहेर तर येऊ दे, मग बोलू दे न बोलू दे.

चाचांच्या घरी गेले तर म्हणाले, "बेटी, वो पत्ता-भंडारा रहने दे. जबान दिया सो दिया." अन् मताच्या दिवशी मत दिलं.

शेवटचं गाव करून आले त्या दुपारी माझी थोरली जाऊ धान्य पाखडत बसली होती. सूप थांबवून मला म्हणाली, "समद्या मुलखाला बेलभंडार उचलायला लावलास. भावजींना लावलास का?"

मी म्हणलं, "नवऱ्याला कुणी लावतं का?"

"का बरं?"

"शब्द मोडला तर कुणाच्या कुंकवावर येणार ते?"

ती परत पाखडायला लागली. म्हणाली, "म्हंजे मोडतील, असं तुलाबी वाटतंच की."

मला तिचा लई राग आला. पंधरा दिवस बोलले नाही तिच्याशी. खऱ्याचा राग येतो माणसाला, दुसऱ्या कशाचा येतो?

हे निवडून आले. ताशे वाजले, हट्ट्यापासून घरापर्यंत मिरवणूक निघाली, मी ओवाळलं. दुसऱ्याच दिवशी चाचांकडून अर्ज लिहून आणला. सुंदर उर्दूत, खाली ह्यांच्या सहीला जागा सोडलेली. मी स्वतः तो शेरवानीच्या आतल्या खिशात ठेवला. हे वसमतला गाडीत बसले अन् हैदराबादला गेले.

परत आले ते अत्तर घेऊन. मी विचारलं, "झालं का?" म्हणाले, "बराबर वेळ बघून बोलावं लागतं." दुसऱ्या खेपेला म्हणाले, "करून राहिलो, घाई करू नको." तिसऱ्या खेपेनंतर मला गावातल्या मास्तरांकडून कळलं की कायदेमंडळात ह्यांनी एकच सवाल केला. तो म्हणजे आपल्या तालुक्याचा डाकबंगला गळतो, मेंबर लोकांना उतरायला तकलीफ होते, दुरुस्ती कधी होणार. नाव मोठं, लक्षण खोटं. पण अजूनही मला वाटत होतं की अर्ज कुठंतरी पोचला असेल.

पावसाळा संपल्यावर मी शेरवानी उन्हात घालायला काढली. आतल्या खिशात अर्ज होता. मी घडी घातली होती तशीच घडी. उघडला तर सहीची जागा कोरी.

हे झोपाळ्यावर बसून पान लावत होते. मी अर्ज पुढं धरला. म्हणलं, "ही जागा कोरी काहून हाय?"

ह्यांनी आधी विडा दुमडला. मग पान तोंडात घालून, अगदी लेकराला समजवावं तसं म्हणाले, "हे बघ, मेंबराचा मेहुणा बागी हाय, ही बात माझ्याच सहीनं दरबारात गेली तर मला तिथं कोण उभं करील? जरा थांब. माझा जम बसू दे."

"तुमचा जम बसस्तोवर तो तिथं फरशीवर निजणार का?"

"तू ह्याच्यात पडू नको."

मी पडले नसते तर हे मेंबर झाले असते का? पण हे तोंडावर बोलले नाही मी. आपलेच दात अन् आपलेच ओठ. माझी ती चूक बेलभंडाराच्या चुकीहून मोठी.

मी चाचांकडं गेले. त्यांनी मायच्या नावानं दुसरा अर्ज लिहिला, तिचा अंगठा घेतला, अन् स्वतः कचेरीत घेऊन गेले. म्हातारं माणूस, दिवसभर बाकावर बसून राहिले. कारकुनानं वाचला अन् विचारलं, "हा मेंबरसाहेबांचा मेहुणा ना? मेंबरसाहेब स्वतः काही म्हणत नाहीत, तर आम्ही काय म्हणावं?" चाचांनी मला हे सांगितलं तेव्हा त्यांनाच लाज वाटत होती.

माय दर महिन्याला पायी यायची. एकच विचारायची, "जावईबापू बोलले का ग?" मी म्हणायची, "बोलले माय. लई खटपट करून राहिले. सरकारच ऐकेना." काय सांगणार होते? नवऱ्यानं तोंडाला पानं पुसली, हे पोरीनं आईला सांगायचं कसं? ती ह्यांना मनातून हात जोडायची अन् परत साखऱ्याची वाट धरायची. होणाऱ्या सुनेसाठी घेतलेली लुगडी तिनं पेटीत तशीच ठेवली होती.

तो ताप-जुलाबानं गेला. तुरुंगातच. बातमी चाचांनी आणली, डोक्यावरची टोपी हातात घेऊन दारात उभे राहिले, तेवढ्यावरच मला कळलं. प्रेतही दिलं नाही आम्हाला. हे हैदराबादला होते. चार दिवसांनी आले, पाय धुतले, जेवले, अन् म्हणाले, "देवाची मर्जी."

मी तेव्हा ठरवलं की ह्यांच्यासाठी मी आता रडणार नाही, हे मेले तरी. बेलभंडार उचलायला लावला असता तर ह्यांनी तोही मोडला असता, अन् ह्यांच्या केसालाही धक्का लागला नसता, हे मला आता पक्कं ठाऊक आहे. मी उगीच कुंकू सांभाळत बसले.

मग फौज आली, अन् चार दिवसांत निजामाचं राज्य गेलं. कायदेमंडळ कुठं गेलं कुणी विचारलंही नाही. शेरवानी पेटीत गेली अन् ह्यांच्या डोक्यावर पांढरी टोपी आली. वारा तशी पाठ. त्या दिवसांत मुसलमानांच्या घरांचे हाल झाले. चाचांनी कुणाचं काही वाकडं केलं नव्हतं, तरी जमाव त्यांच्या दारात आला. ह्यांनी ओसरीत येऊन एक शब्द टाकला असता तर जमाव पांगला असता. आमचं दार आतून बंद होतं. चाचा बायका-पोरांना घेऊन मागच्या पाणवठ्याच्या वाटेनं निघून गेले ते परत आले नाहीत.

महिन्याभरानं माझ्या माहेरी सभा झाली. पारावर टेबल मांडलं, त्यावर भावाचा शाळेतला फोटो ठेवला. चळवळीतली पोरं आली होती अन् ती ह्यांच्याकडं तिरकीच बघत होती. एकानं उभं राहून विचारलंच, "तुमी त्या सरकारचे मेंबर. तुमचा अन् ह्या हुतात्म्याचा काय संबंध?"

हे उठले. ह्यांच्या आवाजाला कंप कसा आणायचा ते ह्यांना चांगलं जमत होतं. म्हणाले, "मी त्या खुर्चीवर बसलो ते ह्याच पोरासाठी. दोन वर्षं त्या दरबारात एकटा भांडलो."

पोरांना पटलं नव्हतं, ते मला तिथूनही दिसत होतं. मला वाटलं, आता तरी कुणीतरी ह्यांना खाली बसवील.

तेवढ्यात माय उठली. बायांतून वाट काढत पाराजवळ गेली अन् सगळ्यांना ऐकू येईल असं म्हणाली, "खरं हाय ते. जावईबापूंनी लई केलं माझ्या लेकरासाठी. सरकारनंच ऐकलं न्हाई. माझी पोरगी महिन्या-महिन्याला सांगायची मला." मग माझ्याकडं वळली. "सांग की ग समद्यांला. व्हय का न्हाई?"

सगळी सभा माझ्याकडं बघत होती. हे पण बघत होते, अन् ह्यांच्या तोंडावर मी पहिल्यांदा भीती पाहिली. मी नाही म्हणलं असतं तर हे तिथंच संपले असते. पण मायला तिथं, त्या फोटोपुढं, कळलं असतं की तिचं पोरगं एका सहीवाचून मेलं, अन् ती सही तिच्याच जावयाची होती.

मी म्हणलं, "व्हय."

पुढच्या निवडणुकीला ह्यांना पहिल्याच खेपेत तिकीट मिळालं. सेनगावापासून हट्ट्यापर्यंत जीप फिरली. पुढच्या सीटवर माझी माय बसलेली, मांडीवर भावाचा फोटो धरून, अन् गावोगाव हात जोडून ह्यांच्यासाठी मत मागत होती.